मुंबईतील हेलिकॉप्टर वाहतुकीचा आरंभ : इतिहासलेखनातील एक उणीव

मुंबईच्या हवाई इतिहासाचे लेखन जुहूला थांबते ते बहुधा १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून आणलेल्या टपालापाशी. त्याच जुहूवरून पुढे वाढलेली हेलिकॉप्टर वाहतूक तळटीपेत जाते. याचे कारण, माझ्या मते, न्यूयॉर्कच्या प्रतिमेत आहे. तेथे १९५३ पासून प्रवासी हेलिकॉप्टरने विमानतळ गाठू लागले. १९७७ मध्ये पॅन ॲम इमारतीच्या गच्चीवरील अपघातात पाच जण दगावले आणि गच्चीवरील सेवा कायमची थांबली. हाच निकष लावला, की मुंबईची पाटी कोरी दिसते.

वस्तुतः मुंबईचे हेलिकॉप्टर वाढले ते समुद्रासाठी. १९७४ साली मुंबई हायमध्ये तेल सापडले. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरील प्लॅटफॉर्मवर कामगारांची ने-आण अपरिहार्य झाली. १९८५ साली स्थापन झालेल्या पवनहंसचे आरंभीचे मुख्य कार्य हेच. मात्र तिच्याविषयीची चर्चाही ब्रिटिश मदतीतून घेतलेल्या २१ वेस्टलँड हेलिकॉप्टरांभोवतीच घुटमळते. खरेदीचा तो वाद गंभीर होता, हे मान्य. परंतु त्या साऱ्या विवेचनात पाळीवर निघालेला तेलकामगार 'प्रवासी' म्हणून कोठेच येत नाही.