परक्या भाषेंतील स्वत्व

ॲरिझोना, न्यू मेक्सिको व यूटा ह्या तीन संस्थानांत पसरलेल्या मुलखांत नवाहो लोक राहतात. स्वतःस ते 'दिने' म्हणवितात. त्यांच्यांतील कवयित्री लॉरा टोहे ह्यांचें १९९९ सालीं निघालेलें 'नो पॅरोल टुडे' हें पुस्तक आम्हीं नुकतेंच वाचलें. विषय शाळेचा आणि नांव मात्र बंदिवासाचें!

आरंभीं जनरल प्रॅट ह्यांस लिहिलेलें पत्र आहे. ह्या गृहस्थांनीं १८७९ सालीं कार्लाइल येथें इंडियन मुलांसाठीं निवासी शाळा काढली. मुलांतील इंडियन मारून माणूस राखावा, हें त्यांचें ब्रीद. ते १९२४ सालींच वारले. तेव्हां पत्र खरें पाहतां आपणां वाचकांसच आहे.

पुस्तकाचा गाभा म्हणजे घरीं नवाहो बोलणारें आणि शाळेंत त्याच बोलण्याबद्दल शिक्षा भोगणारें मूल. क्रमिक पुस्तकांतील डिक व जेन ह्या गोऱ्या मुलांचें नीटनेटकें जग आणि वर्गांतील भ्यालेलीं मुलें बाई शेजारीं शेजारीं ठेवितात, आणि तेवढें पुरतें. (ह्याच भाषेची १९४२ सालीं अमेरिकेच्या नौसैनिकांस गुप्त संदेशांसाठीं गरज पडली, बाईंचे वडील त्या संदेशवाहकांपैकींच एक.)

हें सारें इंग्रजींत लिहिलें, हा दोष आम्ही मानीत नाहीं. पण भाषा गेली तर नवाहोपण उरतें काय? २०१४ सालीं त्यांच्या अध्यक्षपदाच्या एका उमेदवाराला नवाहो अस्खलित येत असल्याचें दाखवितां न आल्यामुळें अपात्र ठरविण्यांत आलें. पुढल्याच वर्षीं मतदारांनीं कौल देऊन हा निवाडा स्वतःकडे घेतला. आईचें कुळ, वडिलांचें कुळ, मग दोन्ही आजोबांचीं कुळें, एवढी ओळख नवाहोंत सांगून पुढें इंग्रजीकडे वळणारे तरुण आज तेथें थोडे नाहींत. त्यांना नातें ठाऊक आहे, कूळ ठाऊक आहे. अडतें तें क्रियापदाशीं, आणि नवाहोचें क्रियापद मोठें अवघड.

आमची तक्रार येथें आहे. बाईंचें दुःख तोंडांतली भाषा दाबली गेल्याचें; तिला शिक्षक तरी दोषी धरतां येतो. ज्यांना ती मिळालीच नाहीं त्यांची लाज शिक्षकापुढची नव्हे, आजीपुढची. १९६८ सालीं निघालेल्या, आज 'दिने कॉलेज' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्यालयांत आजीचीच भाषा पहिल्या धड्यापासून शिकावयास बसणाऱ्या मुलाचें मन निराळें असणार. पुस्तक त्याच्याकडे फारसें वळत नाहीं.