‘मध्यस्थ’ : एका कायदेशीर संज्ञेची चिकित्सा

एप्रिल २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतील दिघी येथे एका कुरियर कंपनीच्या गोदामातून पोलिसांनी नव्वदाहून अधिक तलवारी जप्त केल्या. अमृतसरहून औरंगाबादकडे (आजचे छत्रपती संभाजीनगर) निघालेला हा माल लाकडी पेट्यांत बंद होता आणि क्ष-किरण तपासणीत तो उघडकीस आला. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात यंत्रांच्या सुट्या भागांच्या पेट्यांची अहोरात्र ने-आण चालते. त्यांत या पेट्या बाह्यतः निराळ्या दिसण्याचे कारण नव्हते. तरीही पेटीत काय आहे हे ठाऊक नव्हते, एवढे सांगून वाहतूकदाराचे काम भागत नाही. अवैध व्यापाराचे वाहन ठरणाऱ्या समाजमाध्यमांकडून अशीच दक्षता का अपेक्षिली जात नाही, हा येथे विचारार्ह प्रश्न होय.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० या कायद्याने माध्यमचालकांस ‘मध्यस्थ’ ही संज्ञा दिली. त्याच्या कलम ७९ नुसार इतरांनी प्रसिद्ध केलेल्या मजकुराच्या दायित्वातून मध्यस्थ काही अटींवर मुक्त असतो. प्रेषणाचा आरंभ त्याने केलेला नसावा, ते कोणास पोचावे हे त्याने निवडलेले नसावे आणि मजकुरात त्याने फेरफार केलेला नसावा, ही त्यांतील महत्त्वाची अट. श्रेया सिंघल खटल्यात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की, मजकूर काढण्याचे बंधन न्यायालयाच्या आदेशाने किंवा शासनाच्या सूचनेनेच उत्पन्न होते. यामागील हेतू स्तुत्य आहे. कारण प्रत्येक तक्रारीचा निवाडा खाजगी कंपनीवर सोपविला, तर आविष्कारस्वातंत्र्याचा संकोच अटळ ठरेल.

परंतु या संज्ञेच्या मुळाशी टपालवाल्याची प्रतिमा आहे. टपालवाला पत्र पोचवितो, पत्ता लिहीत नाही. समाजमाध्यमाची शिफारस-प्रणाली मात्र पत्ताच लिहिते. शस्त्राचे चित्रीकरण पाहत क्षणभर थबकलेल्या तरुणापुढे तसलेच दुसरे चित्रीकरण ती आणून ठेवते. ‘कोणास पोचावे’ याची निवड येथे झाली नाही, असे कोणत्या अर्थाने म्हणावयाचे? बाजारपेठेच्या भाषेत गिऱ्हाईक गाठून देऊन मोबदला घेणाऱ्यास दलाल म्हणतात. गुगलच्या जाहिरात-योजनेसंबंधी दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, व्यापारचिन्हांच्या वापरात ती कंपनी सक्रिय सहभागी आहे, असे म्हटले, ते याच दिशेचे द्योतक होय.

यावर एक आक्षेप संभवतो. मजकूर अगणित, आणि वस्तूचे स्वरूप संदिग्ध. शस्त्र अधिनियम, १९५९ हा केवळ शेतीसाठी घडविलेल्या अवजारांस शस्त्रांतून वगळतो. मग कोयत्याचे चित्र पाहून यंत्राने काय ठरवावे? आक्षेप खोटा नाही. तथापि २०२३ मध्ये पुण्यात कोयते विकणाऱ्या दुकानदारांस खरेदीदाराच्या आधारकार्डाची नोंद ठेवण्यास पोलिसांनी सांगितले, तेव्हा हीच संदिग्धता त्या दुकानदारांच्या वाट्यास आली होती. साधनहीनावर जे ओझे टाकता येते, ते साधनसंपन्नास अशक्य मानणे न्याय्य नव्हे. शिवाय अशक्यतेचा दावा अनुभवास उतरलेला नाही. लिंगनिदानाच्या जाहिरातींविषयी साबू मॅथ्यू जॉर्ज यांच्या याचिकेत, जी २०१७ मध्ये निकाली निघाली, शोधयंत्र-कंपन्यांनी विशिष्ट शब्दसमूह आपोआप अडविण्याचे मान्य केले होते.

कुरियरच्या दृष्टान्तासही मर्यादा आहे. दोन व्यक्तींमधील खाजगी, कूटबद्ध संदेश म्हणजे मालाची पेटी नव्हे. तो सरसकट उघडणे ही पाळत ठरेल, आणि तिचे दुष्परिणाम अवैध व्यापाराहूनही व्यापक होतील. म्हणून उपाय संरक्षण रद्द करण्यात नसून त्याची श्रेणी लावण्यात आहे. मजकूर केवळ साठविणाऱ्यास आजचे संरक्षण राहावे. जो त्याची शिफारस करतो त्याच्यावर दक्षतेचे अधिक कडक बंधन असावे. आणि विक्रीच्या जाहिरातीचे मूल्य स्वीकारणाऱ्यास, जाहिरातदार कोण व वस्तू कोणती, हे आधी पडताळण्याचे दायित्व असावे. ‘मध्यस्थ’ ही एकच संज्ञा या तिन्ही भूमिकांस लागू राहील तोवर दिघीच्या गोदामात पेटी उघडली जाईल, पण तिचे गिऱ्हाईक जेथे जुळते ती जागा कायद्याच्या दृष्टीबाहेरच राहील.