बाटलीवरचे ‘पोर्ट’ आणि बाटलीतले

गोव्याहून परतणारा पाहुणा वाशीमच्या ख्रिस्ती घरी हटकून एक बाटली आणतो. तिच्यावर ‘पोर्ट वाईन’ असे छापलेले असते. घरातील वडीलधारी ती कपाटात चादरींच्या मागे जपून ठेवतात. थोरलीच्या लग्नात उघडू, जितकी मुरेल तितकी बरी! या समजुतीची चिकित्सा करावी असे आम्हांस वाटते, कारण आम्हीही तिला बळी पडलो आहोत. अकरा वर्षे राखलेली आमची बाटली एका मंगल प्रसंगी उघडली, तेव्हा रंग विटकरी झाला होता आणि वासात शिरक्याची छटा होती. पाहुण्यांनी सभ्यपणे एकेक घोट घेतला. कानाच्या लग्नात उत्तम द्राक्षारस शेवटी आला. आमच्याकडे तो आलाच नाही.

दोष बनविणाऱ्याचा नव्हता, शब्दाचा होता. मूळचे पोर्ट उत्तर पोर्तुगालमधील दोउरो नदीच्या खोऱ्यातले. मार्क्विस द पोंबाल यांनी १७५६ साली त्या प्रदेशाच्या सीमा आखून दिल्या. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचीच, सुमारे ७७ टक्के मद्यार्काची ब्रँडी ओततात. आंबणे थांबते, साखर शिल्लक राहते आणि मद्यार्क १९ ते २२ टक्क्यांवर जातो. त्यातही ‘व्हिंटेज’ म्हणजे १९६३, १९९४ किंवा २०११ सारख्या एकाच नामांकित हंगामाचे. ते पिंपात जेमतेम दोन-तीन वर्षे राहते आणि न गाळताच बाटलीत भरले जाते. त्या वेळी ते इतके तुरट असते की जीभ आखडावी. पुढची वीस-तीस वर्षे तो तुरटपणा हळूहळू साक्याच्या रूपाने तळाशी बसतो आणि चव मऊ होत जाते. म्हणून बाटली आडवी, अंधारात, साधारण १२ ते १५ अंश उष्णतेत, न हलविता ठेवायची. उघडण्याआधी दिवसभर उभी करायची. मग मेणबत्तीच्या उजेडात, साका गळ्याशी येईपर्यंतच, संथपणे ओतायची. उघडल्यावर ती दोन-तीन दिवसांत संपवावी.

गोव्याच्या बाटलीत यांतले फारसे काही नाही. द्राक्षे बहुधा बंगळूर ब्लू जातीची, रस गाळलेला, गोड केलेला. मुरण्यासाठी लागणारा तुरटपणाच नसेल, तर मुरणार काय? गोड पेय म्हणून आमची तिच्याविषयी तक्रार नाही. थंड करून नाताळच्या केकबरोबर घेतल्यास तिचा जांभळट, मुरंब्यासारखा गंध सुखावतो. मात्र ती आणल्या वर्षीच प्यावी.

शिवाय आमचा वैशाख! पारा चाळिशीच्या पुढे जाणाऱ्या या गावी, पश्चिमेच्या भिंतीलगतच्या कपाटात खरे व्हिंटेजही शिजून जाईल. परदेशातील नातलगाने तसे आणलेच, तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवे ठेवावे आणि फार वाट पाहू नये.

एक गोष्ट जाता जाता. उरलेली बाटली वेदीसाठी धर्मगुरूंच्या हाती देण्याचा भाविकपणा काही घरांत दिसतो. १९८३ च्या धर्मसंहितेचा ९२४ वा नियम मिस्सेसाठी द्राक्षाचाच, नैसर्गिक व न बिघडलेला द्राक्षारस मागतो. कपाटात आंबट झालेली बाटली तेथे चालणार नाही.

आमच्या कपाटात अजून एक आहे. येत्या नाताळच्या रात्री, मिस्सेहून परतल्यावर, ती उघडण्याचे घरात ठरले आहे. थोरलीचे लग्न अद्याप ठरलेले नाही.