एस्तेरनं जात सांगितली

एस्तेरची गोष्ट सांगणारे बहुतेक लोक तिला मखरात बसवतात. पोरकी पोरगी राणी झाली, देवावर भरवसा ठेवला, जिवावर उदार झाली, समाज वाचला. झालं प्रवचन. जुन्या करारातलं हे पुस्तक मी मराठीतनं वाचलं. दहाच अध्याय आहेत, सूतगिरणीतल्या दोन पाळ्यांच्या जेवणसुट्टीत संपतं. मूळ हिब्रू पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही. पुढं ग्रीकमध्ये नेणाऱ्यांना ते सोसलं नाही, त्यांनी प्रार्थना घुसडल्या. तेव्हा एस्तेरची श्रद्धा शोधायची तर ती तिच्या माणसांतच शोधावी लागते.

गोष्ट इराणातली. शूशन राजधानी. हिंदुस्थानापासून कूशापर्यंत १२७ प्रांतांचा राजा अहश्वेरोश. १८० दिवस वैभव दाखवत बसला, मग सात दिवस मेजवानी. दारू चढल्यावर राणी वश्तीचं रूप लोकांना दाखवायला तिला बोलावलं. ती आली नाही. तिला काढलं आणि घरोघरी पुरुषच धनी असा हुकूम प्रांतोप्रांती धाडला. एका बाईच्या नकाराला केवढा दरबार घाबरला बघा. तिच्या जागी एस्तेर आली. दुसरं नाव हदस्सा. आईबाप मेलेली, चुलतभाऊ मर्दखयानं वाढवलेली यहुदी पोरगी. मर्दखयानं बजावलं होतं, आपली माणसं कोण ते बोलू नको. ती बोलली नाही.

यहुदी असणं म्हणजे जात नव्हे, एवढं मला कळतं. पण खोली भाड्यानं मिळावी म्हणून आडनाव गिळणारा माणूस या जागी थांबणारच. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला. त्या नावाच्या कथेतला रेल्वेचा कामगार जात लपवतो, ती उघडी पडते आणि तो मार खातो. एस्तेरची ओळख दुसरं कुणी उघडी पाडत नाही. ती स्वतः सांगते, आणि केव्हा सांगायची ते तीच ठरवते. पुस्तकाचा सगळा जीव या फरकात आहे.

हामान हा राजाचा वरचा प्रधान. मर्दखय त्याच्यापुढं वाकत नाही, एवढ्यावरून त्याला सगळे यहुदी मारायचेत. तो राजाला सांगतो, एक विखुरलेले लोक आहेत, त्यांचे कायदे निराळे, त्यांना ठेवून फायदा नाही. नाव घेत नाही. वर दहा हजार किक्कार चांदी देऊ करतो. राजा विचारतसुद्धा नाही, कुठले लोक? बोटातली अंगठी काढून देतो. हुकूम सुटतो, दोघं प्यायला बसतात, बाहेर शहर भांबावलेलं. लिहिणाऱ्याला सत्ता नेमकी ठाऊक होती. आरडाओरडा नाही. अंगठी, शिक्का, कागद.

मर्दखय गोणपाट घालून, राख फासून वाड्याच्या दाराशी येतो. गोणपाटातल्याला आत जायला बंदी. एस्तेरला कळतं, आणि ती पहिल्यांदा काय करते? त्याला कपडे पाठवते. प्रवचनवाले हे गाळतात. आपल्यातले शिकून वर गेलेले, वस्तीवर जुने शर्ट धाडून मोकळे होणारे, यांनी ते दोनदा वाचावं. मर्दखय कपडे परत करतो आणि खोजा हथाकच्या हाती हुकुमाची नक्कल आत धाडतो. ती कळवते, न बोलावता राजापुढं गेलं तर मरण, आणि तीस दिवसांत मला बोलावणं नाही. तो सांगतो, वाड्यात आहेस म्हणून वाचशील असं समजू नको. तू गप्प राहिलीस तरी सुटका दुसरीकडनं येईल. हे फार मोठं आहे. तो तिला तारणहार करत नाही. तुझ्यावाचून आमचं अडणार नाही, पण तू आमच्यातली आहेस का, एवढंच विचारतो.

मरणाची तयारी दाखवणारं तिचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या आधीचं कुणी बघत नाही. शूशनातल्या सगळ्या यहुद्यांना गोळा करून तीन दिवस उपास करायला ती सांगते, आपण दासींसकट करते. आधी माणसं गोळा केली, मग पाऊल टाकलं. श्रद्धा म्हणतात ती मला इथं दिसली. राजा राजदंड पुढं करतो, ती वाचते. तरी घाई नाही. दोनदा जेवायला बोलावते. दुसऱ्या वेळी हामानासमोर सांगते की विकले गेलेत ते लोक माझे, आणि मी त्यांच्यातलीच. जात सांगून झाली.

पण लगेच ती म्हणते, नुसतं गुलाम म्हणून विकलं असतं तर गप्प बसले असते. हे माझ्या घशाखाली उतरत नाही. राजाला पटवायची चतुराई असंल. तरी गुलामीत गप्प राहायची सवलत आपण राणीलाही द्यायची नाही.

नवव्या अध्यायाशी तर माझं भांडणच आहे. राजाचा पहिला हुकूम मागं घेता येत नाही, म्हणून यहुद्यांना शस्त्र धरून जीव वाचवायची मुभा मिळते. इथवर बरोबर. मग शूशनात ५००, प्रांतांत ७५,००० मारल्याचे आकडे. वर एस्तेर शूशनासाठी आणखी एक दिवस मागते, त्यात ३००. लुटीला हात लावला नाही असं पुस्तक तीनदा सांगतं. बहुतेक अभ्यासक याला इतिहास न मानता गोष्ट मानतात. मानू दे. गोष्टीतली हौसही तपासावी लागते. त्या जादा दिवसात हामानाची अंगठी एस्तेरच्या बोटात आलेली दिसते.

या सुटकेचा सण पुरीम. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, शनिवारी तेलाचे घाणे बंद ठेवत म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत, तेही तो पाळत आले. म्हणजे गोष्ट मराठी मुलखाला परकी नाही. आपल्या कवींनी ती घ्यावी. मुकुटावर लिहिणारे पुष्कळ आहेत. कपडे परत करणाऱ्या मर्दखयावर लिहा. निरोप वाहणाऱ्या हथाकवर लिहा, त्याच्या मनात काय होतं ते पुस्तक सांगत नाही. आणि वश्तीवर लिहा. पहिला नकार तिचा, आणि दुसऱ्या अध्यायानंतर तिचं नावही नाही.