निसर्गचित्र वेदीवर शोभेल काय?

१८०८ सालच्या नाताळात जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी कास्पर डाव्हिड फ्रीडरिश (१७७४–१८४०) या चित्रकाराने आपल्या चित्रशाळेत एक नवे तैलचित्र लोकांस पाहावयास ठेवले. खोलीतील प्रकाश मंद केला होता व चित्र काळे वस्त्र अंथरलेल्या मेजावर उभे होते. ते वेदीचित्र म्हणून मांडले होते; परंतु त्यात ना मरीया होती, ना शिष्य, ना शिपाई. ‘डोंगरावरील वधस्तंभ’ किंवा ‘टेट्शेनची वेदी’ या नावांनी ते आज ओळखले जाते.

पाश्चात्त्य ख्रिस्ती चित्रकलेत निसर्गाला जागा होती, पण ती सेवकाची. मध्ययुगात पवित्र व्यक्तींच्या मागे सोनेरी पृष्ठभूमी असे. पुढे तेथे टेकड्या व नद्या आल्या. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये निसर्गचित्र स्वतंत्र झाले, तरी ते घराच्या भिंतीवरच राहिले. फ्रीडरिशने डोंगरालाच वेदीवर आणले. काळसर त्रिकोणी शिखर, त्यावर सदाहरित वृक्ष, माथ्यावर उंच वधस्तंभ. सूर्य शिखराआड गेलेला, त्याचे किरण मात्र आकाशात वर चढलेले. वधस्तंभावरील मूर्तीचे मुख आपल्याकडे नाही, मावळत्या सूर्याकडे आहे.

१८०९ च्या जानेवारीत रामडोर नावाच्या टीकाकाराने या चित्रावर कडाडून हल्ला केला. निसर्गचित्राने देवळात शिरून वेदीवर चढू पाहावे हा त्यास उद्धटपणा वाटला. त्याचा दुसरा आक्षेप रचनेविषयी होता: चित्रात पुढची जमीनच नाही, मग पाहणाऱ्याने उभे राहावे कोठे? यावर फ्रीडरिशने आपल्या चित्राचा अर्थ सांगितला: खडक म्हणजे अढळ विश्वास, सदाहरित वृक्ष म्हणजे आशा, मावळता सूर्य म्हणजे पित्याच्या साक्षात सहवासाचे सरलेले जुने जग.

आमच्या मते रामडोरचा दुसरा आक्षेप निरीक्षण म्हणून अचूक आहे. चुकला तो त्याचा निष्कर्ष. पायाखालची जमीन काढून घेतली यातच चित्राचे सामर्थ्य आहे. रूढ निसर्गचित्रात वाट असते, तिने मनाने चालत जाता येते. येथे वाट नाही. वधस्तंभ दिसतो, पण आपल्या पायांनी तेथे पोहोचता येत नाही. कृपेविषयी आपण व्यासपीठावरून जे सांगतो, तेच चित्रकाराने अवकाशाच्या रचनेतून सांगितले आहे.

तथापि रामडोरचा पहिला प्रश्न इतक्या सहज निकालात निघत नाही. डोंगर स्वतः सुवार्ता सांगू शकतो काय? फ्रीडरिशलाही हे पुरते जमले नसावे, असे चौकट पाहता वाटते. त्याच्या कल्पनेनुसार क्यून या मूर्तिकाराने कोरलेल्या सोनेरी चौकटीत खाली त्रिकोणातील देवाचा नेत्र आहे, दोन्ही बाजूंस गव्हाची कणसे व द्राक्षवेल. प्रभुभोजनाची खूण चित्राला चौकटीकडून घ्यावी लागली. शिवाय टेट्शेनच्या थुन घराण्याने विकत घेतल्यावर ते वेदीवर गेलेच नाही. शयनगृहात टांगले गेले. मंडळीच्या उपासनेसाठी मांडलेले चित्र एका घराच्या खाजगी भक्तीचे झाले, हा आम्हांस केवळ योगायोग वाटत नाही. एकांतातील भावनेला निसर्ग पुरतो. जमलेल्या मंडळीला वचन लागते.

एकोणिसाव्या स्तोत्राचा क्रम येथे ध्यानी घ्यावा. तेथे प्रथम आकाश बोलते, मग नियमशास्त्र. आणि दोन्ही एकाच स्तोत्रात आहेत. आपल्या उपदेशांतही डोंगर, पाऊस व पीक वारंवार येतात. ते जरूर यावेत. मात्र उपदेश संपल्यावर श्रोत्याच्या मनात केवळ सूर्यास्ताची शोभा उरली की शिखरावरचा वधस्तंभही उरला, हे प्रत्येक उपदेशकाने स्वतःस विचारावे.