इलेक्ट्रॉन-आयन टक्करयंत्राच्या आराखड्याची भाषा

मोठ्या यंत्राचा आराखडा हा वाङ्मयीन दृष्टीने वाचण्याचा ग्रंथ आहे असे सहसा कोणी मानीत नाही. तो अभियंत्याने उलगडावा, हिशेबनिसाने तपासावा आणि काम पुरे झाले की कपाटात ठेवावा, एवढेच त्याचे आयुष्य. तथापि अमेरिकेतील लाँग आयलंडवर, ब्रुकहेवन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत, उभारावयाच्या इलेक्ट्रॉन-आयन टक्करयंत्राविषयी जी दोन प्रमुख लिखिते उपलब्ध आहेत ती भाषेच्या अभ्यासकानेही वाचावीत अशी आहेत. पहिले लिखित म्हणजे २०१२ साली प्रसृत झालेली आणि २०१६ साली 'युरोपियन फिजिकल जर्नल ए' मध्ये प्रसिद्ध झालेली श्वेतपत्रिका. अभय देशपांडे, झैन-एद्दीन मेझियानी व ज्यानवेई च्यू हे तिचे संपादक. दुसरे, २०२१ सालचा संकल्पनात्मक आराखडा. पहिले लिखित यंत्र का हवे ते सांगते, दुसरे ते कसे होईल ते सांगते. एक मन वळविण्यासाठी लिहिले आहे, दुसरे बांधण्यासाठी. आणि दोहोंच्या भाषेत जो फरक पडला आहे तो केवळ शैलीचा नव्हे.

आरंभी नावाचाच प्रश्न उपस्थित होतो. 'कोलायडर' या शब्दासाठी मराठीत आघातयंत्र आणि टक्करयंत्र असे दोन्ही शब्द सुचतात, आणि संस्कृतोद्भव म्हणून पहिल्याकडे परिभाषाकारांचा कल होणे स्वाभाविक आहे. परंतु आघात एकतर्फी असतो. एक करतो, दुसरा सोसतो. टक्कर दोघांची असते. हा भेद येथे भौतिकीचाच भेद आहे. स्थिर लक्ष्यावर कणांचा झोत सोडणे हा आघात होय. त्यात झोताची बहुतेक ऊर्जा लक्ष्याला पुढे ढकलण्यातच खर्ची पडते. समोरासमोरून येणाऱ्या दोन झोतांत तसे होत नाही. १८ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा इलेक्ट्रॉन आणि २७५ अब्जांचा प्रोटॉन एकमेकांवर आले, तर सुमारे १४० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा प्रत्यक्ष टकरीच्या कामी येते. तेवढीच ऊर्जा स्थिर प्रोटॉनावर आघात करून मिळवावयाची तर इलेक्ट्रॉनाला दहा हजार अब्जांहून अधिक इलेक्ट्रॉन-व्होल्टांपर्यंत न्यावे लागेल. तेव्हा देशी वाटणारा टक्कर हाच शब्द येथे अधिक शास्त्रीय ठरतो.

श्वेतपत्रिकेच्या शीर्षकाचा उत्तरार्ध आपणा सर्वांना बांधून ठेवणारा सरस समजून घेण्याविषयी बोलतो. ही श्लेषाची जागा आहे. क्वार्कांना एकत्र धरणाऱ्या कणांना 'ग्लुऑन' हे नाव पडले तेच मुळी सरसावरून. शीर्षक सुबक आहे आणि ज्यांच्याकडे निधीच्या चाव्या आहेत अशा अभौतिकी वाचकाच्या ते लक्षात राहील, यात शंका नाही. परंतु उपमा म्हणून ते तपासले तर ती जवळजवळ प्रत्येक अंगाने उलटी पडते. सरस हा दोन लाकडांच्या मधला तिसरा पदार्थ; तो थोडा लागतो, वाळला की स्तब्ध होतो, पेटीच्या वजनात त्याची गणती नसते, आणि ताण वाढला की तो सुटतो. प्रोटॉनाचे वस्तुमान सुमारे ९३८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असताना त्यातील तीन क्वार्कांची स्वतःची वस्तुमाने मिळून जेमतेम शेकडा एक भरते. उरलेले सारे क्वार्कांच्या गतीच्या आणि ग्लुऑनांच्या क्षेत्राच्या ऊर्जेतून येते. म्हणजे येथे लाकूड नाममात्र आणि पेटीचे वजन मुख्यतः चिकटण्याच्या व्यापारातलेच! शिवाय ग्लुऑन ग्लुऑनालाही धरतो, ही त्याची खरी विशेषता. प्रकाशकण प्रकाशकणाला असा थेट धरीत नाही. आणि क्वार्क दूर ओढू लागावे तसतशी ही पकड सैल पडत नाही. श्वेतपत्रिकेच्या अंतरंगात हे सर्व यथास्थित मांडलेले आहे. दोष आहे तो मुखपृष्ठाचा. पण पुष्कळ वाचकांचा प्रवास मुखपृष्ठापाशीच संपतो, हेही विसरता येत नाही.

युक्तिवादाची बांधणी मात्र वाखाणण्याजोगी आहे. प्रश्न आधी, यंत्र मागाहून, असा तिचा क्रम आहे. १९८७ साली सर्न येथील युरोपियन म्युऑन गटाच्या प्रयोगात असे आढळले की, प्रोटॉनाच्या परिवलनात क्वार्कांच्या परिवलनाचा वाटा अपेक्षेहून फार थोडा आहे. पुढील मोजमापांनी तो सुमारे शेकडा तीस ठरविला. उरलेला ग्लुऑनांचा किती आणि कणांच्या कक्षीय गतीचा किती, हे ठरविण्यासाठी दोन्ही झोतांतील कणांचे परिवलन एका दिशेस वळविलेले असले पाहिजे. हॅम्बुर्ग येथील हेरा या यंत्रात १९९२ ते २००७ पर्यंत इलेक्ट्रॉन व प्रोटॉन यांच्या टकरी झाल्या. संवेगाचा अल्प अंश वाहणाऱ्या ग्लुऑनांची संख्या झपाट्याने वाढत जाते हे तेथेच स्पष्ट झाले. परंतु हेराचे प्रोटॉन ध्रुवित नव्हते आणि जड अणुकेंद्रे तेथे कधी फिरलीच नाहीत. ग्लुऑनांची ही वाढ कोठे तरी थांबलीच पाहिजे; त्यांची दाटी इतकी व्हावी की नव्याने फुटणारे आणि परस्परांत विलीन होणारे यांचा मेळ बसावा. ही संपृक्तता प्रोटॉनात शोधण्यापेक्षा सुवर्णाच्या केंद्रात शोधणे सोपे, कारण १९७ केंद्रकणांच्या त्या गोळ्यात झोताच्या वाटेवर प्रोटॉनाच्या जवळपास सहापट जाडी उभी असते. अशा रीतीने ध्रुवण, जड आयन, ऊर्जेचा विस्तृत पल्ला आणि टकरींचे प्राचुर्य या चार मागण्या चार प्रश्नांतून निघतात. हेराहून शंभर ते हजार पट टकरी हव्यात, ही त्यांतील शेवटची.

आक्षेप आहे तो या मागण्या ज्या वाक्यात एकत्र येतात त्या वाक्याच्या रचनेवर, आणि तेच वाक्य पुढे शेकडो ठिकाणी ज्या रीतीने उद्धृत होते त्यावर. ऊर्जा अमुकपर्यंत, आणि टकरींचे प्रमाण अमुकपर्यंत. 'आणि' हे उभयान्वयी अव्यय येथे फार मोठे ओझे वाहते. दोन 'पर्यंत' एकापाठोपाठ आले की वाचक दोन्ही टोके एकाच वेळी गाठली जातील असे समजतो. व्याकरण त्याला अडवीत नाही, किंबहुना उत्तेजनच देते. वस्तुस्थिती अशी की, इलेक्ट्रॉन वळणावर प्रकाश फेकतो आणि त्यात गमावलेली ऊर्जा त्याच्या ऊर्जेच्या चौथ्या घाताने वाढते. १० अब्जांवरून १८ अब्जांवर जाताना एका फेरीतील ही हानी दहापटींहून अधिक होते. आराखडाकारांनी या प्रकाशाच्या एकूण शक्तीला १० मेगावॅटांची मर्यादा घातली आहे. तेव्हा ऊर्जा वाढविली की फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या त्याच प्रमाणात घटविणे भाग पडते. परिणामी टकरींचे सर्वाधिक प्रमाण, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दर सेकंदाला १० चा ३४ वा घात, हे १० अब्जांचे इलेक्ट्रॉन व २७५ अब्जांचे प्रोटॉन यांच्या जोडीला, सुमारे १०५ अब्जांच्या ऊर्जेला मिळते. १४० अब्जांना ते कित्येक पटींनी उतरते. यात लपविण्यासारखे काहीच नाही. संपृक्ततेच्या शोधाला ऊर्जा हवी, पण टकरी तुलनेने कमी चालतात. अंतरंगाच्या नकाशाला टकरी पुष्कळ हव्यात, पण ऊर्जेचे शिखर नको. म्हणजे निसर्गाने घातलेली अट प्रश्नांना फारशी जाचक नाही. असे असता ती अट वाक्यातून गळावी हे खेदजनक होय. २०२१ च्या आराखड्यात ऊर्जांच्या प्रत्येक जोडीपुढे तिचा स्वतंत्र आकडा दिलेला आहे. तेथे 'आणि' ला असले काम उरलेलेच नाही.

टकरींच्या या प्रमाणाला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ प्रकाशमानता. ताऱ्यांच्या संदर्भात मराठीत त्यासाठी दीप्ती हा शब्द योग्यच आहे. पण तोच येथे आणला तर अनर्थ ओढवेल. वरील परिच्छेदाचा सारांश मग असा होईल की, इलेक्ट्रॉन जितका अधिक प्रकाश फेकील तितकी यंत्राची दीप्ती घटेल. मूळ भाषेच्या वाचकाला सवयीने हा विरोध बोचत नाही. मराठी विद्यार्थ्याने तो विनाकारण का सोसावा? टक्करक्षमता हा शब्द रुक्ष आहे, पण फसवीत नाही.

श्वेतपत्रिका लिहिली गेली तेव्हा जागा ठरलेली नव्हती. व्हर्जिनियातील जेफर्सन प्रयोगशाळेचा पर्यायही तीत वर्णिलेला आहे: कडे इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे (देवनागरी आठाशी त्याचा काही संबंध नाही), म्हणजे एका वेटोळ्यात परिवलनाची दिशा जितकी फिरेल तितकीच दुसऱ्यात उलट फिरावी. दोन्ही ठिकाणांना सामावून घेण्याच्या गरजेतूनच मागण्यांची भाषा इतकी सैल राहिली असावी. जानेवारी २०२० मध्ये ब्रुकहेवनची निवड जाहीर झाली आणि त्याबरोबर ३·८ किलोमीटर परिघाचे एक तयार भुयार आराखड्याच्या पदरी पडले. त्याच भुयारात २००० सालापासून सुवर्णकेंद्रांच्या टकरी घडविल्या गेल्या होत्या. भुयार ठरले म्हणजे वळणाची त्रिज्या ठरली. त्रिज्येने प्रकाशहानी ठरविली, हानीने इलेक्ट्रॉनांची कमाल ऊर्जा. येथून पुढे प्रश्न यंत्राला घडवीत नाही, भुयार घडविते.

या बंधनातून निघालेल्या युक्त्यांच्या वर्णनात आराखड्याचे गद्य सर्वांत चांगले उतरले आहे. एकच उदाहरण पुरे. ४१ अब्जांचा प्रोटॉन प्रकाशाच्या वेगाहून किंचितच मंद असतो, परंतु त्या किंचितपणामुळे तो एका फेरीत इलेक्ट्रॉनाच्या सुमारे एक मीटर मागे पडतो आणि भेटीची वेळ चुकते. २७५ अब्जांचा प्रोटॉन जेमतेम दोन सेंटिमीटर मागे राहतो. जुन्या यंत्राच्या दोन कड्यांना निळे व पिवळे अशी नावे होती. नव्या योजनेत प्रोटॉन मुख्यतः पिवळ्या कड्यातून जातात, पण ४१ अब्जांना त्यांना एका ठिकाणी निळ्या कड्याच्या आतल्या कमानीतून वळवून वाट तेवढी आखूड करावयाची आहे. मागे राहणाऱ्याला आतल्या वाटेने काढणे ही शेतावरून घरी येणाऱ्या कोणालाही पटणारी गोष्ट आहे, आणि आराखडा ती कसलाही अलंकार न घालता सांगतो.

उपमा मुळात वर्ज्यच, असा मात्र याचा अर्थ नव्हे. दोन्ही झोत २५ मिलिरेडियनांच्या, म्हणजे सुमारे दीड अंशाच्या कोनात एकमेकांस छेदतात. कणांचे पुंजके लांबट असल्याने तिरकस भेटीत ते एकमेकांना पुरते भिडत नाहीत. म्हणून छेदाच्या आधी विशिष्ट विद्युत्कोष्ठांनी पुंजक्याचे अंग किंचित वळवितात, जेणेकरून तो एका दिशेला तोंड करून दुसऱ्या दिशेने जातो. १९८८ साली रॉबर्ट पामर यांनी ही युक्ती सुचविली, जपानमधील केकेबी यंत्रात २००७ साली ती प्रथम वापरात आली, आणि तिला नाव पडले खेकड्याचे. सरसाची उपमा जेथे वस्तू झाकते तेथे खेकड्याची उपमा वस्तू दाखविते: अंगाची दिशा आणि चालीची दिशा यांतील कोन हाच तिचा आशय आहे. कोकणातल्या मुलाला या कोष्ठाचे कार्य समजावण्यास दुसरा शब्द लागणार नाही. उलट 'शीतन' या शब्दाने आराखड्यातही घोटाळा होतो. चुंबक अतिसंवाहक राहावेत म्हणून त्यांना द्रव हेलियमाने थंड करावयाचे ते एक शीतन, आणि झोतातील कणांची आपापसांतील विस्कळीत हालचाल कमी करावयाची ते दुसरे. दोन अर्थ एकाच ग्रंथात शेजारी शेजारी नांदतात.

राहता राहिला प्रतिमेचा प्रश्न. प्रोटॉनाच्या अंतरंगाचे त्रिमित चित्र काढणे हे श्वेतपत्रिकेचे सर्वांत आकर्षक आश्वासन आहे. चित्र म्हटले की एक वस्तू आणि तिचा एक क्षण असे मनात येते. येथे प्रत्येक टकरीत निराळा प्रोटॉन असतो. तो न फुटता किती विचलित झाला याची मोजमापे असंख्य टकरींतून गोळा करावयाची, आणि गणिती रूपांतराने क्वार्क व ग्लुऑन केंद्रापासून किती अंतरावर आढळण्याचा संभव किती, एवढे काढावयाचे. बोलींच्या नकाशावरील सीमारेषा ज्याप्रमाणे कोणाही एका माणसाच्या बोलण्याचे चित्र नसते, तसेच हे आहे. नकाशा हा शब्द म्हणूनच अधिक प्रामाणिक ठरला असता. तो अचूक येण्यासाठी विचलित प्रोटॉन टकरीच्या जागेपासून दूर, झोताच्या नळीतच, मुख्य झोताला जवळजवळ लगटून टिपावे लागतात. त्यामुळे शोधकयंत्राचा हा भाग चुंबकांच्या रांगेतच गुंतून पडतो, आणि चुंबकांची तोंडे किती रुंद ठेवावयाची याचा निर्णय नकाशा किती स्पष्ट येईल याचाही निर्णय होऊन बसतो. श्वेतपत्रिकेतील चित्रांच्या सुंदर रंगांत हे दिसत नाही. २०२१ च्या आराखड्यात चुंबकांच्या मापांच्या निरस कोष्टकांत दिसते.