४७ टक्क्यांचं काय करायचं? लॉस एंजेलिसचा संप आणि रेल्वेचा वाद

मोटारींवर चालणाऱ्या शहराने उपनगरी रेल्वेवर पैसे घालावेत का, हा प्रश्न घेऊन प्रस्ताव लिहायला बसलात की साहित्य-आढाव्यात एक आकडा हमखास भेटतो: ४७ टक्के. तो मायकेल अँडरसन यांच्या २०१४ सालच्या पेपरमधला आहे, 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'त आलेला. पेपर उत्तम आहे. पण तो ज्या गोष्टीचा पुरावा म्हणून दिला जातो, ती गोष्ट त्यात आहे का, हे आज बघू.

ऑक्टोबर २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या एमटीए या वाहतूक संस्थेतले मेकॅनिक संपावर गेले. ३५ दिवस तिच्या बस आणि मेट्रो बंद. तिथल्या फ्रीवेंवर रस्त्यातच बसवलेले सेन्सर असतात. गाड्यांचा वेग तासागणिक नोंदला जातो. संपाच्या आधीचे दिवस आणि संपाचे दिवस यांची तुलना केली, तर फ्रीवेवरचा सरासरी विलंब ४७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. तारीख एकच, तिच्या अलीकडे-पलीकडे उडी. यालाच रिग्रेशन डिसकंटिन्युइटी म्हणतात, आणि शिकायला यापेक्षा सोपं उदाहरण सापडायचं नाही.

आकड्यामागचा युक्तिवाद मला आकड्याहून जास्त आवडतो. अमेरिकेत एकूण प्रवासातला जेमतेम १ टक्का सार्वजनिक वाहनांनी होतो. मग ती बंद पडली तर असा काय फरक पडणार? अँडरसन म्हणतात, हा १ टक्का सगळीकडे सारखा पसरलेला नाही. बस-मेट्रोने जाणारा माणूस बहुधा सर्वांत तुंबलेल्या रस्त्यांवरून, सर्वांत तुंबलेल्या वेळी जाणारा असतो. तो गाडी घेऊन निघाला, तर नेमका तिथेच भर घालतो. म्हणजे सरासरी प्रवासी धरून केलेली जुनी गणितं फायदा कमी दाखवत होती. हे पटतं.

आता अडचण. संपात बंद काय झालं? एमटीएच्या बस आणि मेट्रो. त्या काळात एमटीएचे बहुतेक प्रवासी बसचे होते. आणि लॉस एंजेलिसची खरी उपनगरी रेल्वे म्हणजे मेट्रोलिंक. ती १९९२ पासून धावते, तिची संस्था वेगळी आहे, आणि संपात ती चालू होती! म्हणजे उपनगरी रेल्वेच्या बाजूने सर्रास दिला जाणारा आकडा हा उपनगरी रेल्वे चालू असतानाचा आणि मुख्यतः बस बंद पडल्याचा आकडा आहे. पेपरच्या शीर्षकात 'सबवे' आहे, सारांशात 'सार्वजनिक वाहतूक', आणि उद्धृत करणाऱ्याच्या डोक्यात 'रेल्वे'. गंमत अशी, की हा पेपर जितका मेट्रोच्या बाजूचा, तितकाच बसच्या बाजूचा म्हणून वाचता येतो. तसं कोणी फारसं वाचत नाही.

दुसरी गोष्ट काळाची. ३५ दिवसांत कोणी घर बदलत नाही, नोकरी बदलत नाही. अचानक बंद पडल्याचा परिणाम आणि नवीन सुरू केल्याचा परिणाम हे एकमेकांचं उलटं प्रतिबिंब असतील असं गृहीत धरता येत नाही. इथे ड्युरँटन आणि टर्नर यांचा २०११ चा पेपर शेजारी ठेवा. अमेरिकी शहरांच्या आकडेवारीवरून ते दाखवतात की आंतरराज्य महामार्ग जितके वाढवाल, जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांचे किलोमीटर वाढतात. आणि सार्वजनिक वाहतूक वाढवली तर ते किलोमीटर घटल्याचं दिसत नाही. रस्त्यावर जागा झाली की नवीन गाडी येऊन ती भरते.

मग दोघांपैकी खोटं कोण? कोणीच नाही. एकाने विलंब मोजला, दुसऱ्याने किलोमीटर. एकाने महिनाभर पाहिलं, दुसऱ्याने दशकं. 'संशोधनात मतभेद आहेत' असं एक वाक्य टाकून पुढे जाणारे आढावे मी इतके वाचलेत की त्या वाक्याचा कंटाळा आलाय. मतभेद कशावर, हे लिहा ना. शिवाय मोकळ्या जागेत आलेल्या नव्या गाडीतल्या माणसालाही कुठेतरी पोचायचंच असतं, त्याचा तो फायदाच. कोंडी कमी झाली नाही म्हणजे रेल्वे वाया गेली, हा निष्कर्ष ड्युरँटन-टर्नरवरून निघत नाही.

हाच घोळ एक्स्पो लाइनच्या बाबतीत. ही मेट्रो २०१२ मध्ये कल्व्हर सिटीपर्यंत आणि २०१६ मध्ये सांता मोनिकापर्यंत गेली. जिनेव्हिव्ह जुलियानो आणि सहकाऱ्यांनी तिच्या पहिल्या टप्प्यानंतर शेजारच्या रस्त्यांची वाहतूक तपासली. ठोस सुधारणा सापडली नाही. मार्लन बोर्नेट आणि सहकाऱ्यांनी स्थानकांजवळची घरं तपासली. त्या घरांचं गाडी चालवणं कमी झालेलं आढळलं. मार्ग तोच. रस्ता विचारला तर एक उत्तर, घर विचारलं तर दुसरं.

मुंबईची लोकल अंगवळणी पडलेल्या आपल्याला वाटतं, रूळ टाकले की माणसं येणारच. गंमत म्हणजे लॉस एंजेलिसची उपनगरंही रुळांभोवतीच वाढली होती. पॅसिफिक इलेक्ट्रिकच्या लाल गाड्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे गावागावांत जात. लाँग बीचची शेवटची गाडी १९६१ मध्ये बंद झाली आणि १९९० मध्ये बऱ्याच अंशी त्याच वाटेने मेट्रोची ब्लू लाइन सुरू झाली. मधल्या तीस वर्षांत बदललं ते रुळांभोवतीचं शहर: सुटी सुटी घरं, आणि प्रत्येक इमारतीला पार्किंगची सक्ती. मेट्रोलिंकचं जाळं आठशे किलोमीटरच्या वर आहे, पण कोविडपूर्वी कामाच्या दिवशी प्रवासी होते साधारण ४० हजार. बहुतेक स्थानकांबाहेर मोठं पार्किंग. म्हणजे गाडीने यायचं, गाडी लावायची, मग गाडी पकडायची.

आणि पैसा कोणाचा? १९९४ मध्ये बस प्रवाशांच्या संघटनेने एमटीएला कोर्टात खेचलं: रेल्वेसाठी बसचा बळी दिला जातोय आणि तो गरीब, गौरेतर प्रवाशांच्या वाट्याला येतोय. १९९६ मध्ये दहा वर्षांचा तडजोडनामा झाला, बसमधली गर्दी कमी करण्याचं बंधन एमटीएवर आलं. अँडरसनच्या चौकटीत हा माणूस 'फ्रीवेवर न आलेली गाडी' म्हणूनच मोजला जातो. ज्याच्याकडे गाडीच नाही, त्याचे संपातले ३५ दिवस फ्रीवेवरच्या सेन्सरमध्ये उमटत नाहीत. माझ्या मते या पेपरवरची सर्वांत जड टीका हीच, आणि ती पद्धतीवर नाही, मोजपट्टीवर आहे.

२०१८ चा मॅनव्हिल, टेलर आणि ब्लुमेनबर्ग यांचा अहवालही वाचाच. दक्षिण कॅलिफोर्नियात २००० ते २०१५ या काळात २३ लाख माणसं वाढली आणि घरगुती गाड्या वाढल्या २१ लाख. याच काळात रेल्वेवर प्रचंड खर्च चालू होता. प्रवासी घटले त्यामागचं मोठं कारण त्यांना हेच दिसलं: गाडी परवडू लागली.

तर माझं मत: लॉस एंजेलिसने उपनगरी रेल्वेचे नवे मार्ग टाकू नयेत, आहेत त्या रुळांवर गाड्या वाढवाव्यात, स्थानकांभोवती घरं बांधू द्यावीत आणि बसच्या पैशाला हात लावू नये. गाडी वेगाने चालवणं स्वस्त आणि उभी करणं फुकट, असं जोवर आहे तोवर नव्या रुळांनी वागणूक बदलेल असं म्हणायला पुरावा तोकडा आहे.

विषय शोधत असाल, तर एक जागा मोकळी दिसते. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा केला: मोठ्या वाहतूक स्थानकापासून अर्ध्या मैलाच्या आत इमारतींना पार्किंगची सक्ती करता येणार नाही. अर्धा मैल म्हणजे आखीव सीमा, उडी शोधायला सोयीची. फक्त व्याख्या नीट वाचा. बसथांब्याला वारंवारतेची अट आहे, रेल्वे स्थानकाला नाही. त्यामुळे दुपारी तासतास गाडी न येणारं मेट्रोलिंकचं स्थानकही त्यात बसतं, आणि सीमेच्या आतलं सगळं एकाच मापाने मोजलंत तर ४७ टक्क्यांसारखाच आणखी एक आकडा तयार होईल.